कप्तानाचा डाव

कप्तान गेल्याला तीन आठवडे झाले, तरी चष्मेवाल्याला त्याच्याविषयी एक धड वाक्य बोलता येत नव्हतं. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नंबर तपासायच्या आधी हळहळायचं, "असा अचानक कसा हो गेला?" आणि हा आपला मान खाली घालून काचा पुसत राहायचा. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याचा जिवाभावाचा मित्र गेला. तो तर गेलाच होता. पण चष्मेवाल्याच्या घशात अडकलं होतं ते वेगळंच.

कप्तान काही जहाजावरचा नव्हे. कारखान्यात लेथवर उमेदीची वर्षं घासलेला टर्नर. शाळेत बॅडमिंटनच्या संघाचा कप्तान होता. संघ कधीच मोडला, पण हा बासष्टाव्या वर्षीही कप्तानच. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या, जाड भिंगाच्या एका पोराच्या हातात त्यानेच रॅकेट कोंबली होती. "चष्म्या, शटल दिसत नसेल तर आवाज ऐक. पण रडायचं नाही. रडक्यांशी मी खेळत नाही." चष्म्या रडला नाही, आणि पुढची पन्नास वर्षं दोघांची संध्याकाळ एकाच हॉलमध्ये गेली. मधल्या काळात चष्मेवाल्याची बायको वारली. तेव्हापासून रविवारचं जेवण कप्तानाच्या घरी ठरलेलं. खरं सांगायचं तर तेवढं एकच घर त्याला उरलं होतं.

कप्तान खेळायचा देखणा, पण होता महालबाड. हरायला लागला की मटकन जमिनीवर बसायचा. कधी गुडघा धरायचा, कधी कंबर, कधी छाती. समोरचा घाबरून "काय झालं हो?" करत जाळ्यापाशी आला की त्याची लय गेलीच म्हणून समजा. मग कप्तान उठून पटापट पॉइंट घ्यायचा. बसून राहण्याचा त्याचा विक्रम सहा मिनिटांचा होता आणि त्याचा त्याला भलताच अभिमान. हा डाव त्याने चष्म्याला शिकवला आणि त्यावरची तोडही शिकवली. "समोरचा बसला की जवळ जायचं नाही. पाठ फिरवायची, पाणी प्यायचं, भिंतीवर शटल मारत राहायचं. अंग गार पडलं की संपलास."

त्या संध्याकाळी कप्तान चौदा-एकोणीसने मागे होता. पावणेसातला तो बसला. छातीवर हात.

"ऊठ रे नाटक्या," चष्मेवाला म्हणाला आणि शिकवल्याप्रमाणे त्याने पाठ फिरवली. पाणी प्यायला. बाहेर नळावर जाऊन बाटली भरून आणली. भिंतीवर शटल मारत बसला. दिवे लावायला आलेला वॉचमनसुद्धा हसून गेला, इतकं हे सोंग सगळ्यांच्या ओळखीचं. आज गडी विक्रम मोडणार असं मनाशी म्हणत चष्मेवाला वळला, तेव्हा कप्तान कुशीवर कलंडला होता. भिंतीवरच्या नंबरवर त्याने ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन लावला तेव्हा सहा त्रेपन्न झाले होते. गाडी बारा मिनिटांत आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हा पटकन बोलून गेला, "पडला तसा लगेच फोन केला."

आता ते वाक्य कप्तानाच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, टेबलावर टाइप होऊन पडलं होतं.

"लेकीने लिहून दिलंय," वहिनी म्हणाल्या. "वॉचमन म्हणतो ह्यांना पावणेसातला बसलेलं पाहिलं. गाडी आली सात-पाचला. वीस मिनिटं, भावजी! डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हातात काहीतरी होतं. आणि तो मेला ड्रायव्हर म्हणतोय फोनच उशिरा आला. सोमवारी चौकशी आहे. त्याची नोकरी घालवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. इथे फोनची वेळ लिहा आणि खाली सही करा."

पेन त्यांनीच टोपण काढून पुढे केलं. चष्मेवाल्याने घेतलं. सहा पंचेचाळीस लिहिलं की विषय संपत होता. रविवारी ताट वाढलं जाणार होतं. तिकडे एका माणसाची नोकरी जाणार होती, आणि त्या माणसाचं तोंडही त्याला नीटसं आठवत नव्हतं. त्याने आकडा लिहायला घेतला, सहा काढला, आणि हात पुढे जाईना.

"वहिनी, तो खोटं बोलत नाहीये."

"म्हणजे?"

मग त्याने सगळं सांगितलं. नळ, बाटली, भिंत. 'नाटक्या' हा शब्दही सांगितला. एवढं बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल असं त्याला वाटलं होतं. कसला उतरतोय!

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "आठ मिनिटं."

"हो."

"हे तुमच्याकडे बघत होते?"

"माहीत नाही. माझी पाठ होती."

"हाक मारली?"

"शटलचा आवाज होता. मी..." तो रडायला लागला, पन्नास वर्षांचं सगळं शिक्षण विसरून, लहान पोरासारखा. वहिनींनी त्याला रडू दिलं. पाणीही दिलं नाही. कागदाची नीट घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि उठून दार उघडलं.

तो चपला घालत असताना त्या म्हणाल्या, "तो ड्रायव्हर परका होता, भावजी. त्याच्यावर राग धरून माझं चाललं होतं."