ओ न दिलेली हाक

डेल्फियाच्या लग्नात आईनं तिला हातानं शिवलेली गोधडी दिली आणि बापानं रिव्हॉल्व्हर. केंटकीच्या त्या डोंगरी मुलखात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जावई गार्नेट खडीचा ट्रक चालवणारा, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. मग लेकीच्या उशाशी काहीतरी नको का, असा साधा विचार. गोधडी फार सुरेख होती, वापरून खराब होईल म्हणून पेटीत गेली. रिव्हॉल्व्हर मात्र भरलेलं, पलंगाशेजारच्या उंच कपाटावर, पुढं झालेल्या लेकीचा, तीन वर्षांच्या मेबलचा, हात पोचणार नाही अशा जागी राहिलं.

बापानं, म्हणजे होबार्टनं, लेकीला ते चालवायलाही शिकवलं होतं. मागच्या अंगणात कुंपणावर रिकामे डबे मांडून दोन रविवार सराव झाला. नेमापेक्षा उपदेशच जास्त.

"घरात चोर शिरला तर तोंडातून शब्द काढायचा नाही," होबार्ट म्हणाला. "बोललीस की तू कुठं आहेस ते त्याला कळलं. आधी बार, मग चौकशी."

"आणि डॅडी, ओळखीचा कुणी निघाला तर?"

"ओळखीचा माणूस फाटकातून हाक मारतो. आपल्यात असा मुकाट्यानं कोण शिरतो, सांग बघू?"

ते खोटं नव्हतं. त्या दरीत कुणाकडं जायचं तर फाटकाशी थांबून मोठ्यानं हाक द्यायची, "आहे का कुणी घरात?" आतून ओ आली की मगच पाऊल पुढं टाकायचं. पणज्या-खापरपणज्यांपासूनची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. तिच्यातून सूट एकालाच, ज्याचं घर त्याला. हे होबार्टनं लेकीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असंच कुणालाही वाटलं असतं.

भीती मात्र रोज सांगितली जात होती. नशेच्या गोळ्यांपायी पोरं घरं फोडत होती, हेही खरंच. गेल्याच महिन्यात गार्नेटच्या मावशीकडं कुणीतरी भरदुपारी शिरलं, स्वयंपाकघरातले सगळे खण उपसले आणि तिची दुखण्याची औषधं नेली. जाण्याआधी तिच्या कुत्र्याला विष घातलेलं मांस टाकलं होतं. तेव्हापासून होबार्टचा रोज संध्याकाळी फोन. "दार लावलंस? कुत्रं भुंकतंय ना?" डेल्फिया हसून उडवून लावायची, आणि फोन ठेवला की उठून कडी तपासायची. पाण्यानं दगड झिजतो म्हणतात. सत्तावीस वर्षांची पोर ती, तिचं काळीज ते केवढं.

घर त्यांनी फेब्रुवारीत घेतलं होतं, इमोजीन रॅटलिफ नावाच्या साठीतल्या बाईकडून. तिच्या वडिलांनी, एस्टिल रॅटलिफनी, ते स्वतःच्या हातानं बांधलेलं. म्हातारबुवांची बायको ओपल सहा वर्षांपूर्वी वारली आणि मागोमाग त्यांची स्मृतीही विरत गेली. आता ते शहरातल्या वृद्धाश्रमात होते. डेल्फियानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. किल्ल्या देताना इमोजीन अंगणात पडलेल्या म्हाताऱ्या शिकारी कुत्र्याकडं बोट दाखवून म्हणाली होती, "हा ड्रम. माझ्याकडं नेला तर तीनदा पळून इथंच आला. राहू दे का, बाळा? खातो थोडं, भुंकतो फार."

ड्रम खरोखरच टपालवाल्यावर भुंके, खारीवर भुंके, होबार्टवर तर हटकून भुंके. त्याच्या जिवावर डेल्फियाला दिवसा झोप लागायची.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. गार्नेट संध्याकाळी येणार म्हणून डेल्फियानं सकाळपासून सफरचंदं चिरून, दालचिनी घालून त्यांचा गर आटवायला ठेवला होता. हे काम मोठं चिकाटीचं. सारखं ढवळत राहावं लागतं, जरा पाठ वळली की तळाला धरतं. पण तीनच्या सुमाराला मेबल पेंगुळली. तिला मागच्या खोलीत थोपटता थोपटता डेल्फियाचाही डोळा लागला.

जागी झाली ती कुलपाच्या आवाजानं. स्वयंपाकघराच्या दाराचं कुलूप कुणीतरी बाहेरून उघडत होतं. किल्ल्या दोनच, एक गार्नेटच्या खिशात, दुसरी तिच्या गळ्यात. गार्नेटचा ट्रक आला असता तर खिडक्या थरथरल्या असत्या.

फाटकातून हाक आली नव्हती.

ड्रम भुंकला नव्हता. तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. टपालवाल्याला न सोडणारं कुत्रं गप्प, म्हणजे त्याला आधीच संपवलं. मावशीकडं झालं तसंच.

दार उघडलं. पावलं आत आली, फरफटत, दमून आल्यासारखी. मग खण ओढल्याचा आवाज. एक खण, दुसरा खण, चमच्यांची खडखड. मेबल झोपेत कुशीवर वळली. डेल्फियानं कपाटावर हात घातला. तोंडातून शब्द काढायचा नाही. ती अनवाणी बोळातून निघाली.

आणि स्वयंपाकघरातून पुरुषाचा आवाज आला. "ओपल! अगं, तळाला लागतंय गं."

तिला शब्द ऐकू आले. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात एवढंच शिरलं, की आत आणखी कुणीतरी आहे. हा साथीदाराला बोलावतोय, दोघं आहेत. ती दारात आली. पाठमोरा माणूस शेगडीशी उभा होता. तिच्या पायाखालची फळी करकरली तसा तो वळला, ज्या माणसाची वाट पाहत होता ते आलं अशा चेहऱ्यानं. डेल्फियानं दोनदा चाप ओढला.

मग घरात मेबलच्या रडण्याखेरीज काही उरलं नाही.

म्हातारा पडला होता. अंगात वृद्धाश्रमाचा फिका सदरा, पायांत सपाता, त्या घोट्यांपर्यंत चिखलानं भरलेल्या. सहा मैल तो कोळशाच्या गाडीच्या रुळांवरून चालत आला होता आणि तिकडं कुणाला पत्ताही नव्हता. दारात किल्ली लटकत होती. चौकटीवरच्या फटीत ती चाळीस वर्षं ठेवलेली असायची आणि ते त्याच्याखेरीज जिवंत कुणालाच माहीत नव्हतं. हातात लाकडी डाव. शेगडी त्यानं बंद केली होती. गर वरून पुन्हा नीट ढवळलेला होता.

ड्रम उघड्या दारातून आत आला, शेपूट हलवत. त्यानं म्हाताऱ्याच्या पायांचा वास घेतला आणि तिथंच, त्या सपातांवर मान टाकून बसला.

होबार्ट शेरीफच्या आधी पोचला. त्यानं सगळं पाहिलं, लेकीच्या हातातलं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं, आणि तिला खुर्चीत बसवलं. त्या राज्याचा कायदा घरमालकाच्या बाजूचाच होता, तरी होबार्टला गाठ पक्की हवी होती. शेरीफ टॉलिव्हर आला तेव्हा तोच बोलला. "हिच्या अंगावर धावून आला. हात उगारून. ही काय करणार? आत लेकरू."

"असं झालं का, डेल्फिया?" शेरीफनं विचारलं.

तिची मान हलली. कुणीकडं ते तिलाही सांगता आलं नसतं. शेरीफनं लिहून घेतलं आणि तिनं सही केली.

गाव वाईट नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण गाव वाईट असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्या आठवड्यात तिच्या दारात घेवड्याची भांडी आली, मक्याची भाकरी आली, शेजारणींनी येऊन फरशी घासली. म्हातारबुवांबद्दल सगळे हळहळले, आणि हळहळून झाल्यावर प्रत्येकानं तिला तेच ऐकवलं. "तू केलंस ते बरोबर केलंस." गार्नेटनंही तेच म्हटलं आणि रात्री पाठ करून रडला. एवढ्या लोकांत तिला एकानंही विचारलं नाही की त्या खोलीत झालं काय.

विचारायला आली ती इमोजीन, दफन झाल्यावर चौथ्या दिवशी. फाटकाशी थांबून तिनं हाक मारली. स्वतःच्या बापानं बांधलेल्या घरासमोर उभं राहून ती बाई विचारत होती, "आहे का कुणी घरात?"

होबार्ट त्या दिवशी तिथंच होता. त्यानंच ओ दिली. इमोजीन आत आली पण बसली नाही.

"मी ड्रमला न्यायला आले," ती म्हणाली. "आणि... तुमची माफी मागायला."

"माफी?" डेल्फियानं विचारलं.

"डॅडींनी तुमच्यावर हात उगारला असं शेरीफ म्हणाले. आश्रमवालेही म्हणत होते, हल्ली माणूस कधी बिथरेल सांगता येत नाही. पण बाळा, जन्मात त्यांनी कुणावर हात टाकला नव्हता. माझ्यावरसुद्धा नाही. मी रात्र-रात्र बसून तेच आठवते, की शेवटी कसे झाले असतील ते. तुमचं लेकरू घाबरलं असेल. मला माफ करा."

डेल्फियानं बापाकडं पाहिलं. होबार्टनं नजर खिडकीबाहेर नेली. "देवाची इच्छा, मिस इमोजीन," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ड्रमला दोरी बांधून इमोजीननं ओढत नेलं. तो फाटकापर्यंत मागं वळून वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होता. डेल्फिया शेगडीजवळ उभी राहिली. तिथं उभं राहिलं की आता तिला ते शब्द पुरते ऐकू यायचे. तळाला लागतंय गं. कुठला चोर दुसऱ्याच्या शेगडीवरचा गर वाचवतो?

पंधरा दिवसांनी अग्निशमन दलाच्या सभागृहात जेवण होतं. होबार्ट आणि त्याच्या शिकारी मंडळानं ठरवलेलं. लांब टेबलं, घेवडा, भाजलेलं डुक्कर, मुरवलेली काकडी. निमित्त सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणं उरकल्यावर होबार्ट उठला. एका लाकडी पाटीवर डेल्फियाचं नाव कोरलं होतं, खाली 'घराची राखणदार' असं. शेजारी मऊ कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर, शेरीफनं आदल्याच दिवशी परत केलेलं.

"माझ्या लेकीनं," होबार्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरीच भरून आला, "मी शिकवलं तसंच केलं."

टाळ्या झाल्या. डेल्फिया उठली. पाटीला तिनं हात लावला नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तसंच केलं, डॅडी. तोंडातून शब्द काढला नाही."

लोक हसले, कौतुकानं. तिनं ते हसू ओसरू दिलं.

"ते माझ्या अंगावर आले नाहीत. शेगडीशी उभे होते. माझा गर करपत होता, त्यांनी शेगडी बंद केली. डाव शोधायला खण उघडले. त्यांच्या हातात डाव होता."

"पोरी, खाली बस," होबार्ट हळूच म्हणाला. "तुला बरं वाटत नाहीये."

"मिस इमोजीन माझी माफी मागून गेली, डॅडी. तुमच्यासमोर. तिचा बाप मी मारला आणि माफी तिनं मागितली. ते तुम्हाला गिळवलं, मला नाही गिळवत."

कुणीतरी मागच्या टेबलावरून म्हणालं, "अगं, पण तुला काय माहीत कोण आहे ते? आमच्या बायका असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं."

"म्हणून तर सांगतेय," डेल्फिया म्हणाली. "तुमच्या पोरी तुमच्याकडं येतात तेव्हा फाटकातून हाक मारतात का? आपल्याच घरी कोण मारतं? उद्या तुमची आई विसरभोळी होईल. तुमचा पोरगा परगावाहून न कळवता येईल. आत शिकवलेलं माणूस बसलंय, न बोलणारं."

गार्नेट आपल्या जागेवरून उठला. सगळ्यांना वाटलं तो तिला बाहेर नेणार. तो येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, एवढंच.

डेल्फियानं कापडाची गुंडाळी उचलली आणि शेरीफ टॉलिव्हरच्या ताटाशेजारी ठेवली. "हे मला परत नकोय. आणि माझी जबानी पुन्हा लिहून घ्या."

शेरीफनं तोंड पुसलं. "डेल्फिया, विचार कर. आधीची सही खोटी ठरली तर प्रकरण पुन्हा उघडेल. काय होईल मी सांगू शकत नाही. तुला लहान पोर आहे. आधी वकिलाला विचार."

"वकिलाला उद्या विचारेन. मिस इमोजीनकडंही उद्याच जाणार आहे, फाटकात उभी राहून हाक मारीन, ओ दिली तर दिली. लिहून घ्यायला मात्र तुम्ही आत्ता समोर आहात."

होबार्ट खुर्चीत बसला होता. पाटी त्याच्या मांडीवर तशीच होती आणि त्यानं ती उलटी करून ठेवली.

शेरीफनं खिशातून वही काढली, पेन काढलं, ताट बाजूला सारलं आणि लिहीत लिहीत मोठ्यानं म्हणू लागला, तिला पडताळता यावं म्हणून. "सदर इसम स्वतःच्या किल्लीने आत आला. त्याच्या हातात हत्यार नव्हते. घरात आल्यावर त्याने हाक मारली..."

तो थांबला. "पुढं?"

"पुढं लिहा," डेल्फिया म्हणाली, "मी ओ दिली नाही."