तिसरी जोडी
सुईचं टोक जरासं थरथरलं आणि किडीची मादी फुटली.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. काचेवरच्या थेंबात नुसती साय पसरली होती. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत त्यांनी किड्यांच्या स्लाइड केल्या, आणि आज, नमुन्यात एकच मादी असताना हातानं दगा दिला. दगा तरी कसला! चार महिने हात कापतच होता. बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

बाहेर बाकावर रोपवाटिकेची मालकीण सकाळपासून बसून होती. नवऱ्यामागे तिनं एकटीनं लिंबाची चार हजार रोपं वाढवली, आणि त्यांच्या फांद्यांवर खवले कीड निघाली. मोठी बेरकी जात ही. मादीला ना पाय, ना पंख. सोंड झाडात खुपसून जन्मभर कवचाखाली बसायचं. वरून सगळ्या सारख्याच. कवच काढून, पोटॅशमध्ये अंग पारदर्शक करून, मागच्या टोकाच्या कडेला असलेल्या इवल्याशा पाळ्या मोजाव्या, तेव्हा कुठं जात कळते. दोन जोड्या असल्या तर साधी कीड, औषध मारा आणि विसरा. तिसरी जोडी दिसली की बंदी असलेली जात, सगळी रोपं जाळायची. आणि नमुन्यात धड मादीच नसली, तर नुसत्या संशयावरूनही जाळायची.

बाईंनी उरलेल्या फांद्या उपसल्या. सुईनं एकेक कवच उचललं. कुठं रिकामं, कुठं परजीवी माशीनं आतून पोखरलेलं, कुठं नुसती पिल्लं, आणि पिल्लांवरून काही जात ठरत नाही. दुपार टळली तरी धड मादी एकही निघाली नाही.

साहेब आत आले. त्यांनी काच पाहिली, मग बाईंचा हात पाहिला. माणूस वाईट नव्हता. दार लोटून ते हळूच म्हणाले, "बाई, नमुनाच खराब होता असं लिहा. कोण विचारतंय?"

"आणि तिची रोपं?"

"जातील. तुमच्या हातून फुटली असं लिहिलंत, तर तिला दुसरा नमुना आणता येईल, पण मला पुन्हा तुमच्या हातात सुई देता येणार नाही."

बाईंना रडूच फुटलं. घरी भावाचा संसार, तिथं त्या पाहुण्यासारख्या राहत. या टेबलाशी मात्र साहेबसुद्धा त्यांना विचारून बसत. सुई गेली तर राहिलं काय? पेन कितीदा उचललं आणि खाली ठेवलं. शेवटी नोंदवहीत लिहिलं: स्लाइड करताना माझ्या हातून मादी फुटली.

चूक प्रयोगशाळेची, म्हणून मालकिणीला दुसरा नमुना आणायची मुभा मिळाली. तिसऱ्या दिवशी ती फांद्या घेऊन आली. स्लाइड नव्या तंत्रज्ञ मुलीनं केली. तिचा हात असा स्थिर, की बाईंना तिचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. भिंगातून पाहायला मात्र मुलीनं त्यांनाच बोलावलं. बाईंनी पाळ्या मोजल्या, मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

मालकिणीला सांगायला त्या स्वतः बाहेर गेल्या. तिचा विश्वास बसेना. पहिली तुम्हीच फोडलीत ना, मग हीसुद्धा चुकली नसेल कशावरून, असं ती तोंडावर म्हणाली. ते वर्मी लागलं. बाईंनी तिला आत आणून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"मधली जोडी पहिली. तिथून दोन्ही अंगांनी बाहेर मोजत जा."

मालकिणीनं मोजलं. परत मोजलं. बाईंनी घाई केली नाही.

"कडेची अगदी बारीक आहे," ती म्हणाली. "ती धरायची?"

"धरायची."

"मग तीन."

ती उठली, साडी सारखी केली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"जाळायला माणसं कधी येतील? उद्या सकाळी पाणी द्यायचं की नाही, म्हणून विचारते."