महापौरांचा लाडका बंब

मित्रांनो, मी माणसांनी दांडे वरखाली हाणून पाणी उडवायचा एक जुना आगीचा बंब आहे, आणि खरं सांगायचं तर मला या माणसांचा अगदी वीट आला आहे.

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात मला घडवून घेतलं इझ्रा व्हिटकोम यांनी. लाकूड कापायची त्यांची मोठी गिरणी होती. पगारी दल तेव्हा नव्हतं. लोकांनीच हौसेनं आग विझवायची मंडळं काढली होती. आमचं ईगल, नदीकडच्यांचं नेपच्यून. आगीवर पहिलं पाणी कोण मारतो, यातच सगळी इभ्रत! म्हणून घंटा झाली की एक गडी पुढे पळायचा, रस्त्यातल्या नळावर पिंप पालथं घालायचा आणि आपला बंब येईपर्यंत त्यावर ठाण मांडायचा, म्हणजे दुसऱ्यांना तिथलं पाणी घेता येऊ नये. तोवर घर जळालं तरी चालेल.

आमच्या गड्यांना ही खोड व्हिटकोमसाहेबांनीच लावली. त्याच गड्यांच्या मतांवर ते महापौर झाले. माझ्या अंगावर त्यांचं चित्र रंगवलं गेलं, पितळ रोज घासलं जाई. चामड्याची नळी मात्र वाळून तडकली होती. तिला चरबी चोळायला वेळ कोणाला?

त्यांची बायको लव्हिनिया कावून म्हणायची, "अहो, वाफेचा बंब घ्या, पगारी माणसं नेमा. या भांडकुदळांना किती डोक्यावर बसवणार?"

"आणि मतं कोण देणार? तू?" असं म्हणून साहेब हसायचे.

एका दुपारी गिरणीच पेटली. साहेबांची जन्माची कमाई तिथे होती. नेपच्यूनवाले आधी पोचले. पण नळावरच्या पिंपावर आमचा सायलस लोहार बसलेला, आणि मी उतारावरच्या चिखलात रुतलेलो.

"सायलस, ऊठ. घेऊ दे त्यांना पाणी," साहेब म्हणाले.

"ईगलचा बंब आल्याशिवाय नाही, साहेब."

"अरे गाढवा, माझी गिरणी आहे ती."

"म्हणूनच तर. तुमच्या गिरणीवर नेपच्यूननं पहिलं पाणी मारलं, तर गावात तोंड कुठे दाखवायचं आपण?"

मग काय, हाणामारी जुंपली. मी पोचलो, नळी जोडली, दांडे हाणले, आणि नळी फाटली. पहिलं पाणी ईगलनंच मारलं, मित्रांनो. ते सायलसच्या बुटांवर पडलं. गिरणीचं छप्पर आमच्यासमोर खाली आलं.

पुढच्या निवडणुकीत ईगलवाल्यांनीच साहेबांना पाडलं. कारण काय, तर त्यांनी भर रस्त्यात नेपच्यूनला पाणी द्यायला सांगितलं! कपाळावर हात मारावा म्हटलं, तर मला हातही नाहीत.

आता गावात वाफेचा बंब आहे. मी छपरीत पडून असतो आणि मिरवणूक आली की लोक माझं पितळ घासायला येतात. मित्रांनो, नका घासू. ज्यातून पाणी जातं, ते आधी तपासा. आणि शेजारी तुमच्याआधी पाणी घेऊन आला, तर कृपा करून बाजूला व्हा.