झिजलेलं एकचं बटण

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा फोन आहे. डबडं म्हणा, ठोकळा म्हणा, मला आता कशाचंच वाईट वाटत नाही. वाईट वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि माझी बॅटरी हल्ली दुपारपर्यंतच दम धरते. म्हणून जे सांगायचं ते सलग सांगून टाकतो. मध्येच बंद पडलो तर रागावू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायका रांगेने बसून आमच्या अंगात बटणं बसवायच्या. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान हलवली आणि मला डब्यात भरलं. त्या मान हलवण्याचं मला फार कौतुक वाटलं होतं. पुढे दुकानात आलो तेव्हा कळलं की कौतुकाचे दिवस माझ्या जन्माआधीच संपले होते. बोट लावलं की सरकणारे काचेचे फोन दिव्याखाली मिरवत होते आणि मला खालच्या फळीवर चार्जरच्या वायरींमागे कोंबलं होतं.

एके संध्याकाळी एक बाई आली. खांद्याला मोठी पिशवी, डोळ्यांखाली काळं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची, आणि काचेची पांढरी भुकटी तिच्या नखांत कायमची बसली होती.

"साधा फोन द्या," ती म्हणाली. "बटणं मोठी हवीत. पडला तरी फुटायला नको."

"आजोबांसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"मामासाठी. वयाने पन्नाशीचा आहे, पण त्याला जरा कमी कळतं."

हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं असावं की आता ते पत्ता सांगितल्यासारखं तिच्या तोंडून निघायचं.

तिला मामा चिमी म्हणायचा, म्हणून मीही चिमीच म्हणतो. मामा म्हणजे उंचापुरा, केस पिकलेला माणूस, आणि आत आठ-नऊ वर्षांचं शहाणं मूल. आजी, म्हणजे त्याची आई, होती तोवर तो तिच्या पदराखाली राहिला. चिमीची आई आधीच गेली होती, आणि मग आजीही गेली. तेव्हा चिमीच्या भावाने सरळ सांगितलं, "त्याला एखाद्या संस्थेत ठेवू. एकटा कसा राहणार तो?" मामाने ऐकलं आणि म्हणाला, "राहीन." चिमी म्हणाली, "राहील. फोन घेऊन देते. मी आहे ना." त्या 'मी आहे ना'मध्ये माझी नेमणूक झाली. मी नीट चाललो तर मामा आपल्या घरात, नाही तर संस्थेत, असा तो सरळ हिशेब होता.

मामाचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. तो एका लाँड्रीत टॉवेलच्या घड्या घालायचा. त्याची घडी अशी की कड कडेला भिडलीच पाहिजे. जरा इकडेतिकडे झालं की उलगडून पुन्हा. घरी आल्यावर भात लावायचा, अंडी उकडायचा, आणि ताट धुऊन पालथं घालूनच झोपायचा. आजीने जे जे शिकवलं होतं ते त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होतं. पोळ्या शिकवायच्या राहून गेल्या, म्हणून पोळ्या त्याने कधी केल्या नाहीत.

चिमीने मला दोरीत ओवून त्याच्या गळ्यात अडकवलं. मग तिने माझ्या एकच्या बटणावर आपला नंबर बसवला. "मामा, हे बघ. पहिलं बटण. दाबून धरायचं. एक म्हणजे मी." मामाने दाबून धरलं. तिच्या पिशवीत तिचा फोन वाजला. मामाचा चेहरा असा उजळला की मला पहिल्यांदाच वाटलं, खालच्या फळीवर धूळ खात बसलो ते वाया गेलं नाही.

नंतरची दोन-तीन वर्षं माझी चांगली गेली. मामा दिवसातून एकदा एक दाबायचा. "चिमे, मी आलो." किंवा, "चिमे, पाऊस पडतोय, तुझ्याकडे पडतोय का?" ती काचा घासता घासता खांदा आणि कान यांत फोन धरून "हो रे, पडतोय" म्हणायची. माझ्या एकच्या बटणावरचा आकडा पुसट होत होता. बाकीची बटणं कोरी करकरीत होती. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग एक बाई फोन करायला लागली.

खरी बाई नव्हती ती. कुठल्याशा यंत्रात भरून ठेवलेला गोड आवाज. "नमस्कार! रोज नवा विनोद ऐकण्यासाठी एक दाबा." मामा उठून उभा राहायचा, "हो हो," म्हणायचा आणि एक दाबायचा. विनोद सुरू झाला की पैसे कापले जात. मग वजन कमी करण्याचे उपाय आले. मामा आधीच काटकुळा. मग घरबसल्या परकी भाषा शिकण्याची सोय आली. एकदा तर चिमीने फोन लावला आणि तिच्या कानात घंटीऐवजी प्रेमभंगाचं गाणं वाजायला लागलं. ती बिचारी दुकानात गिऱ्हाइकापुढे उभी.

महिन्याचं रिचार्ज आठवड्यात उडू लागलं. चिमी ग्राहक सेवेला फोन लावायची. तिकडे आधी गाणं, मग हे दाबा, ते दाबा, मग पुन्हा गाणं. जेवणाची अर्धी सुट्टी त्यात जायची, डबा तसाच राहायचा. शेवटी कोणीतरी माणूस बोलायचा आणि म्हणायचा, "मॅडम, तुमच्याच नंबरवरून सेवा चालू केलेली आहे." ती बंद करून घ्यायची. पंधरा दिवस बरे जायचे आणि मग ये रे माझ्या मागल्या. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याने स्वस्तातला प्लॅन बदलून दिला, जाहिरातींचे फोन बंद करण्याचा मेसेज पाठवून दिला. तरी कुठल्यातरी फटीतून ती बाई यायचीच.

"मामा, अरे का दाबतोस?" चिमी विचारायची.

"ती चांगलं बोलते," मामा म्हणायचा. "एक दाबा म्हणते."

चिमीला वाटायचं, भिडस्त आहे, नाही म्हणता येत नाही त्याला. मला खरं काय ते माहीत होतं. मामाच्या जगात एकचा अर्थ एकच होता. एक म्हणजे चिमी. ती बाई एक दाबा म्हणाली की त्याला वाटायचं, हिला चिमीशी बोलायचंय. तो दाबायचा आणि हसत वाट बघायचा. चिमी यायची नाही, कोणीतरी विनोद सांगायचं. तोही तो शेवटपर्यंत ऐकायचा, कारण मध्येच उठून जाणं बरं नव्हे, असं आजीने शिकवलं होतं. हे सगळं मला दिसत होतं. पण फोनने दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं असतं, स्वतःचं नाही.

त्या महिन्यात चिमीची दुकानाच्या मालकिणीशी बोलाचाली झाली होती, घरभाडं वाढलं होतं, आणि भावाचा फोन आला होता. "अजून किती दिवस त्याचं हे करणार? एक फोन त्याला झेपत नाही." त्याच दिवशी मामाचं कालच भरलेलं रिचार्ज संपलं. चिमी तीन मजले चढून आली ती धापा टाकत. मामाने तिच्यासाठी पाणी आणलं. तिने ते घेतलंही नाही.

"मामा, आता मात्र कानाला खडा. एक दाबायचं नाही. कोणीही सांगू दे. त्या बटणाला हातच लावायचा नाही. कळलं? मी रोज संध्याकाळी फोन करीन, तो फक्त उचलायचा."

"नाही दाबणार," मामा म्हणाला.

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

मित्रांनो, चिमी वाईट नव्हती. ती दमली होती. दमलेला माणूस जिथून आवाज येतो ते दार लावून टाकतो.

आणि खरंच, पैसे उडायचे थांबले. ती बाई फोन करायची, मामा ऐकून घ्यायचा आणि हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. चिमी भावाला म्हणाली, "बघ, शहाणा झाला मामा." संध्याकाळी तिचा फोन यायचा. दिवसा मात्र पावसाची चौकशी बंद झाली. चिमीला काहीतरी चुकल्यासारखं वाटत असेलही, पण शिल्लक टिकून होती, म्हणून ती गप्प राहिली.

लाँड्रीच्या सुट्टीचा दिवस होता. मामाने आंघोळ केली, ओल्या पायाने स्वयंपाकघरात आला आणि चहाचं भांडं घ्यायला वळताना घसरला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला, कारण मी त्याच्या गळ्यातच होतो. तो उठायला गेला आणि पुन्हा पडला. ओरडला नाही. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, हेही आजीनेच शिकवलेलं. दोनदा हळू आवाजात "अहो" म्हणाला. शेजारची शिवणकाम करणारी बाई कामावर गेली होती.

मग त्याने मला हातात घेतलं. माझ्यात पैसे होते. बॅटरी भरलेली होती. त्याचा अंगठा एकवर आला, मला त्याची ऊब कळली. दाब रे, मामा, मी मनात म्हणालो. अंगठा थांबला आणि बाजूला झाला. मग पुन्हा आला आणि पुन्हा बाजूला झाला. आयुष्यात मी इतका लाचार कधी झालो नव्हतो. सगळी बटणं माझीच, पण त्यातलं एकही मला दाबता येईना.

दुपारी मी वाजलो. मामाने घाईने उचललं. "नमस्कार! आकर्षक योजनेसाठी एक दाबा."

"बाई," मामा म्हणाला, "मला एक दाबायला मनाई आहे. मी खाली पडलोय. चिमीला तेवढा निरोप द्या."

"एक दाबा," बाई म्हणाली. मामाने सगळं पुन्हा सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. निरोप गेला असं समजून मामा दाराकडे बघत पडून राहिला, पार ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत.

संध्याकाळी चिमीचा फोन आला.

"मामा, कसा आहेस?"

"बरा आहे. खाली पडलोय."

"पडलायस? कधी?"

"सकाळी. चहा ठेवायच्या आधी."

"अरे मग फोन का नाही केलास?"

"तू एक दाबू नको म्हणालीस ना," मामा म्हणाला. "नाही दाबलं मी."

"आलेच मी," चिमी म्हणाली. ती कशी आली, कोणाला घेऊन आली, ते मला नीट आठवत नाही. गाडीत ती मामाचा हात धरून "चुकलं रे माझं" म्हणत होती, आणि मामा तिची समजूत घालत होता की पैसे काही गेले नाहीत.

मांडीचं हाड होतं. ऑपरेशन झालं, मग चिमीच्या घरी राहणं झालं, मग वॉकर. भाऊ पुन्हा म्हणाला, "आता तरी संस्था." चिमीने या वेळी भांडण केलं नाही. थकल्या आवाजात एवढंच म्हणाली, "तो चुकला नाही. मी सांगितलं ते त्याने केलं."

मामा आपल्या घरी परत आला त्या दिवशी तिने माझ्यात फक्त आपल्या माणसांचेच फोन येतील अशी सोय करून आणली होती. एकचा आकडा आता पार झिजून गेला होता. तिने त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"दाब, मामा."

मामाने अंगठा मुठीत लपवला. "पैसे जातील."

"जाऊ देत."

"शपथ घेतलीय."

"ती मी सोडवली. दाब."

मामाने विचार केला. "पण तू इथेच आहेस. आत्ता कशाला?"

चिमी उठली. पिशवी खांद्याला लावली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. जिना उतरल्याचा आवाज काही आला नाही. मामा माझ्याकडे बघत राहिला. अंगठा आला, गेला, आणि मग आला तो टेकलाच. दाराच्या पलीकडे फोन वाजला.

"चिमे," मामा म्हणाला, "मी पडलो नाहीये. नुसताच केला."

"बरं केलंस," ती म्हणाली. तिचा आवाज दोन्हीकडून येत होता, माझ्यातून आणि दारातून.

मित्रांनो, मी थकलोय, बॅटरीचा शेवटचा दांडा राहिलाय. तुमचंही कोणी एकटं राहत असेल. त्याचा फोन महाग पडला तर चिडा, प्लॅन बदला, काय वाट्टेल ते करा. पण हे करू नकोस म्हणून सांगाल तेव्हा मग काय करायचं तेही सांगून ठेवा, कारण जगात तुमचा शब्द तंतोतंत पाळणारी माणसं असतात. आणि त्यांचा फोन काही कारण नसताना आला, तर उचला.