चौदा महिन्यांचा धूर

दर मंगळवारी वारा समुद्राकडून येऊ लागला की ती भूशिराच्या टोकावरच्या खोलीत जाई, उंच खांबाला बांधलेल्या नळीतून पंपाने हवा ओढी आणि काचेच्या दोन बाटल्यांत भरून तोट्या घट्ट करी. बाटल्या दूरच्या प्रयोगशाळेत जात. उष्ण समुद्रांवरची हवा वर्षानुवर्षं कशी बदलते, ते तिथे मोजत. आधी हे काम तिचे वडील करत. एकतीस वर्षांत त्यांचा एकही मंगळवार चुकला नाही, असं सगळे म्हणत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा तिने ते हातात घेतलं, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून प्रयोगशाळेतल्या सरांनी सगळा आलेख तिच्याकडे पाठवला. जुन्या नोंदवह्यांशी ताडून बघ, म्हणाले. आठव्या वर्षी कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेला एक मोठा उंचवटा होता. त्याच उंचवट्यावर सरांचं नाव झालं होतं. हजारो मैलांवर जंगलं जळाली आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून इथवर आला, असं त्यांनी मांडलं होतं.

ती तारखा लावत बसली. रेषा एका आठवड्यात वर गेली होती, चौदा महिने वरच राहिली होती आणि एका आठवड्यात खाली आली होती. मध्ये फक्त दोन मंगळवार नेहमीसारखे होते. रेषा खाली आली तो दिवस तिला पाठ होता. त्याच्या चार दिवस आधी आई गेली होती. आणि त्या दोन मंगळवारी मावशी घरी राहायला आली होती.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आई कमरेखाली लुळी पडलेली, आणि खोलीच्या दाराबाहेर चूल, तिच्यावर शेकायचं पाणी सतत तापत असे.

वडील खिडकीशी बसून जुने स्क्रू निवडत होते.

"बाबा, आईच्या आजारपणात तुम्ही टोकावर जात होतात?"

"जात होतो की."

"मावशी होती तेव्हा. एरवी?"

त्यांनी हातातला स्क्रू डबीत टाकला.

"पहिल्या मंगळवारी गेलो होतो," ते म्हणाले. "परत आलो तर ही पलंगावरून खाली पडलेली. तोंड फरशीला टेकलेलं. किती वेळ तशी होती, कोण जाणे. मला बघून म्हणाली, वारा चांगला होता का?"

ती त्यांच्यापाशी खाली बसली.

"मग पंप घरी आणला. तिच्या खिडकीशी उभा राहून भरायचो. चुलीकडे पाठ करून, श्वास रोखून. नियम सगळे पाळायचो."

"नमुना घेतला नाही, असं लिहिता आलं असतं ना."

"आलं असतं. पण मला वाटलं, महिनाभराचाच प्रश्न आहे."

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "सांगणार आहेस?"

"सांगावं लागेल, बाबा. जगभरचे लोक हे आकडे धरून हिशेब मांडतात."

"मी मेल्यावर सांग की."

चार दिवस ती फोन हातात घेई आणि परत ठेवून देई. वडिलांना किती दिवस उरलेत याचा आपण मनात अंदाज बांधतोय, हे जाणवलं तेव्हा तिला स्वतःची शरम वाटली. पाचव्या दिवशी तिने सरांना फोन केला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकदा सभेत तुझे बाबा माझ्या शेजारीच बसले होते," मग ते म्हणाले. "मी उठून तो उंचवटा पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. त्यांनीसुद्धा वाजवल्या. काय वाटलं असेल गं त्यांना?"



सरांनी आपला लेख मागे घेतला. कुणाला दोष दिला नाही, पण पुन्हा तिला फोनही केला नाही. महिन्याभरात दुरुस्तीचं पत्रक आलं. वडिलांनी ते तिच्याकडून वाचून घेतलं. चौदा महिन्यांच्या सगळ्या नोंदींपुढे एकच शेरा होता: स्थानिक प्रदूषण, वगळावे. ते दोन चांगले मंगळवारही गेले होते.

"स्थानिक प्रदूषण," वडील म्हणाले. "म्हणजे आपलं घर."

"बाबा, तसं नाही..."

"तसंच आहे. बरोबर लिहिलंय त्यांनी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटे. पूर्वी मंगळवारी ती परतली की ते दारातच विचारत, वारा कुठला होता, पंप नीट चालला का. ते विचारणं बंद झालं. पुढे त्यांनी अंथरूण धरलं; ती टोकावर जाई तेव्हा शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसून असत. ती आत आली की त्या उठून जात, आणि वडील भिंतीकडे कूस वळवत. एकदा तिने आपणहून सांगितलं, "आज वारा छान होता." ते म्हणाले, "असेल."

सात महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, ते गेले. ती घरातच होती. त्यांनी पाणी मागितलं म्हणून उठली, तेवढ्यात.