नितळ पाणी

तेनेंगने डोक्यावरचा भाताच्या तरव्याचा भारा बांधावर उतरवला, कमरेचे वस्त्र गुडघ्यांच्या वर खोचले आणि भाऱ्यातली एक मूठ सोडवून ती खाचरात उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आले. ते इतके नितळ होते की चिखलात रुतणारी तिची पावले बांधावरून स्पष्ट दिसत होती, आणि नखांवरचा, शहरात लावलेला आणि आता अर्धामुर्धा उडालेला तांबडा रंगही. इन्सा बांधावर, कायांदोच्या लांब दांड्यावर हनुवटी टेकून, उभा होता. ह्याच लाकडी फावड्याने त्याने खाचरातले सगळे वरंबे ओढले होते.

"काय बघतोस? पाय पाहिले नाहीस कधी कुणाचे?" ती म्हणाली.

"वरंबे बघतोय."

"वरंबे सरळच आहेत," बांधावर बसलेली त्याची कुंबा आत्या चिलमीत तंबाखू दाबत म्हणाली. "नजर तेवढी वाकडी."

आत्या साक्षीला आली होती. ह्या गावात वरंबे पुरुषांनी ओढायचे आणि लावणी बायकांनी करायची. पुरुषाने रोपाला हात लावला तर गावच्या बाया पावसाळा सरेपर्यंत हसत. आणि मुलाच्या वाट्याच्या खाचरात, त्याच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईसमोर, जी मुलगी पहिली मूठ लावील ती त्या घरची सून. मशिदीतला निकाह मागाहून सवडीने होई. लोक लग्न धरत ते त्या मुठीपासून.

वाटण्या झाल्या तेव्हा इन्साच्या वाट्याला हे सर्वांत खालचे खाचर आले होते, तिवरांना लागून असलेले. त्याच्या लहानपणी बांध फुटून खाडी आत शिरली होती आणि तेव्हापासून तिथे मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्याखेरीज काही पिकले नव्हते. "गोड होईल तेव्हा बायको आण," असे म्हणून बापाने हात झटकले होते. इन्साने बांध पुन्हा उभा केला. दर पावसाळ्यात तो आभाळाचे पाणी कोंडून धरी आणि ओहोटी लागली की उघाडीतून सोडून देई. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून खाडीकडे काढलेले ताडाचे पोखरलेले खोड. तिच्या तोंडाला गवताचा आणि चिखलाचा बोळा. असे त्याने वर्षामागून वर्ष मीठ धुतले. दर सुगीनंतर तेनेंग डाकारला परक्यांच्या घरी कामाला जाई, आणि पाऊस लागला की होडीतून उतरताच विचारी, "झालं का गोड?" इन्सा नकारार्थी मान हलवी. दोघांमध्ये याहून अधिक बोलणे क्वचितच होई. ती गेली की संध्याकाळी तो बांधावर बसून खाडी चढताना पाहत राही. पाणी निदान रोज परत येत असे.

या खेपेला त्यानेच निरोप धाडला होता: येशील ती कायमची ये. तेनेंग काम सोडून आली होती, संसाराची भांडीकुंडी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन. तिच्या बापाने मात्र बजावले होते, की हा एकच पावसाळा; पुढे मागणी घातलेल्या डाकारच्या शिंप्याला होकार कळवायचा.

"लावू का?" तेनेंगने आत्याकडे पाहून विचारले.

"लाव बाई. माझी चिलीम विझायच्या आत लाव."

तेनेंग वाकली. तिने मुठीतून दोन-तीन रोपे वेगळी केली आणि अंगठा वरंब्यावर टेकला.

इन्साच्या टाचांच्या भेगा चुरचुरत होत्या. गेले काही दिवस ह्या पाण्यातून बाहेर आले की त्या तशाच चुरचुरत. शेजारच्या खाचरातले पाणी गढूळ होते, माशांच्या पिलांनी वळवळत होते, आणि तिथल्या बेडकांचा गलका दिवसाही थांबत नव्हता. त्याच्या पाण्यात कुणी ओरडत नव्हते. त्या शांततेचा त्याला प्रथम अभिमान वाटला होता. मग कडेकडेने गंजाच्या रंगाची साय धरू लागली. रोज सकाळी तो ती ओंजळीने काढून तिवरांत फेकी. आज तर तो उजाडताच येऊन गेला होता.

रोप आठ-दहा दिवस हिरवे राहील, हे त्याला ठाऊक होते. आठ-दहा दिवस पुरेसे होते. तोवर ती त्याच्या घरी आलेली असती, आणि पिवळ्या पडलेल्या रोपांपायी कुणी सून माघारी धाडत नाही.

तिच्या मानेवर घामाची एक रेघ उतरत होती. अंगठा चिखलात शिरला.

"थांब," इन्सा म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली. "आता काय?"

"आधी पाणी चाख."

तिने ओंजळ ओठांना लावली. "खारट नाही," असे म्हणता म्हणता तिचा चेहरा आक्रसला, कच्ची अंबाडी चावल्यासारखा. तिने पाणी थुंकून टाकले आणि भोवताली पाहिले. काचेसारखे पाणी, त्यात ढग, आणि कुठेही बेडूक नाही. ती हळूहळू ताठ उभी राहिली. रोपे तिच्या मुठीतच होती.



"उन्हाळ्यात उघाडी बंद ठेवलीस," आत्या म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"उघड म्हणून सांगितलं होतंस."

सुगी झाली की सगळे गाव उघाड्या मोकळ्या करी आणि भरतीचे पाणी खाचरांत फिरू देई. यंदा इन्साच्याने ते झाले नाही. इतक्या पावसाळ्यांनी जे मीठ धुऊन नेले, ते आपल्याच हाताने आत घ्यायचे? बोळा ठासून तो रोज येऊन पाही. चिखल सुकला, त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, पण पांढरा पापुद्रा आला नाही. त्याच आनंदात त्याने निरोप पाठवला होता.

"तिवरांच्या पोटचा चिखल आहे तो," आत्या म्हणाली. "पाण्याखाली असला की गुमान असतो. वाळवलास की आंबतो. तुला घाई झाली."

"तुला कधी कळलं?"

"तुझ्या नखांत गंज दिसला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"खाचर कुणाचं?" आत्याने चिलीम बांधावर आपटून रिकामी केली. "बघत होते, तू बोलतोस का."

तेनेंग बांधावर चढली. तिने पाय पुसले नाहीत. "आता काय करायचं, आत्या?"

"खाडी आत घ्यायची. आंबट धुतं ते खारटच. मग खारट धुवायला पाऊस."

"किती पाऊस?"

"ते ढगांना विचार, बाई."

भरती चढत होती. इन्सा उघाडीपाशी गेला आणि बांधालगतच्या खोल चरात, छातीभर पाण्यात उतरून बोळा ओढू लागला. त्याने स्वतःच तो इतका ठासला होता की सुटेना. थोड्या वेळाने शेजारी पाणी हलले. तेनेंगने हात आत घातला. पाण्याखाली तिची बोटे त्याच्या बोटांवरून पुढे सरकली आणि गवताची पेंढी त्यांनी घट्ट धरली. दोघांनी मिळून ओढले. बोळा सुटला, आणि खाडीचे मातकट पाणी त्या नितळ पाण्यात धुरासारखे पसरत गेले. त्याच्याबरोबर एक टीचभर मासा आत आला, गोंधळल्यासारखा जागच्या जागी थांबला, आणि वरंब्यांमधून दिसेनासा झाला.

"बाबांना काय सांगशील?" इन्साने विचारले.

"खाचर खारट आहे म्हणून सांगेन. खोटं नाही ते." ती वस्त्र पिळत होती. "उद्याच्या होडीने जाते. मालकीणबाईने जागा भरली नसेल अजून."

"आणि हा तरवा?"

"लावणीला आणलेला तरवा माघारी नेत नाहीत. माझ्या आजीचं बी आहे, खारं सोसणारं. दर वर्षी कुठेतरी लागलं पाहिजे, नाहीतर मरतं."

"वर आत्याचं खाचर आहे. आत्या लावेल."

"आत्याची कंबर गेली," आत्या म्हणाली.

"मी आत्याला सांगतच नाहीये," तेनेंग म्हणाली. बांधावर टेकवलेली मूठ तिने उचलून भाऱ्यावर ठेवली, आणि मागे न पाहता ती बांधावरून चालू लागली.

सकाळी वरच्या खाचरात बायांची ओळ लावणीला वाकली होती. इन्सा भारा घेऊन आला तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही; तो ओळीच्या टोकाला उतरून वाकला तेव्हा गेले.

"अगं बघा, नवी सून आली."

"वस्त्र नीट खोच गं, भिजेल."

"हिचं सासर कुठलं म्हणे?"

हसण्याची लाट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. इन्साचे कान तापले. त्याने रोप रोवले. हात काढताच ते वर येऊन तरंगू लागले. दुसरेही आले.

बांधावरून कुंबा आत्या म्हणाली, "अंगठ्याने दाब. आणि लगेच हात काढू नकोस."

खाडीच्या बाजूने होडीच्या इंजिनाचा आवाज आला. बायांनी कंबरेवर हात ठेवून माना वर केल्या, आणि हसणे थांबले. इन्साने मान वर केली नाही. त्याचा अंगठा चिखलात होता.

आत्याने डोळ्यांवर हात धरून होडीकडे पाहिले. आवाज तिवरांच्या वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली.

"भांड्यांची पेटी दिसली नाही तिच्याजवळ," ती म्हणाली.

शेजारची बाई वीतभर बाजूला सरकली. इन्साने हळूच अंगठा काढून घेतला. रोप उभे राहिले.