कट कोण म्हणणार

अकरा वर्षं मी एका विनोदी मालिकेत बावळट जावयाचं काम केलं. मालिका बंद पडली आणि वाहिनीनं मला थेट दिग्दर्शक केलं. माकडाच्या हाती कोलीत, असं युनिटमधले लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. मरा लेको, असं मी मनात म्हणायचो.

पहिलाच प्रसंग भांडणाचा होता. म्हाताऱ्या बापाच्या कामासाठी मी जुन्या मालिकेतल्या माझ्या सासऱ्यांनाच आणलं होतं. मुलावर ओरडून त्यांनी तरातरा निघून जायचं होतं. ते ओरडले, पण निघाले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली, कप खाली पडून फुटला आणि पाठोपाठ तेही कोसळले.

संहितेत हे नव्हतं. तरी कुणी हललं नाही, कारण दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. मुलाचं काम करणारा नट तर ‘बाबा, बाबा’ करून रडायलाही लागला. मीही थांबलो. अजून कुणी कट कसं म्हणत नाही, म्हणून मी इकडेतिकडे पाहू लागलो.

कॅमेरामननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी मागे वळून पाहिलं; मागे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात जमिनीवरून सासऱ्यांचा बारीक आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

“जावईबापू, आता कट म्हणा. मला खरंच दुखतंय.”